माशांना वेळ असतो

आमच्या मॅडम खुर्चीला पाठ टेकून बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. डबा उभ्याने, फोन चालता चालता, आणि दर वाक्यात ‘पटपट’. अंधेरीच्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना पाठीमागे पटपट मॅडमच म्हणत. मी नववीत शाळा सोडून गोंदियाकडून आलेला, माशांच्या टाक्या धुणारा माणूस. काच फुटेल, पाणी बिघडेल, नोकरी जाईल, ही धास्ती रोजचीच. त्या म्हणायच्या, “अरे, हे मासे तुझ्यापेक्षा निवांत आहेत. पटपट जेवून घे.”

माशांना मात्र त्या कधीच घाई करायच्या नाहीत. बोटभर लांबीचेही नसलेले ते पट्ट्यांचे मासे. प्रखर दिव्याखाली ठेवून त्यांच्या डोळ्यांतल्या उजेड टिपणाऱ्या पेशी मारायच्या, मग भांड्याभोवती काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं नळकांडं फिरवायचं. दिसणारा मासा पट्ट्यांमागे पोहतो. हे बिचारे नुसते तरंगायचे. मला घास जायचा नाही. काही आठवड्यांनी तेच मासे पुन्हा पट्ट्यांमागे वळायला लागायचे. “डोळ्याच्या आतल्या पडद्याला आधार देणाऱ्या पेशी असतात ना, त्याच नव्याने वाढायला लागतात, आणि त्यांच्यातून नव्या पेशी तयार होतात,” मॅडम सांगायच्या. इतकं समजावून मला शाळेतही कोणी सांगितलं नव्हतं.

मग माझ्याच उजव्या डोळ्यात विजा चमकायला लागल्या. खालून एक काळा पडदा वर सरकू लागला. घरी कळवलं नाही. आई तिकडे जेवली नसती. आणि एरवी झाकण वाजलं तरी दचकणारा मी, या वेळी फारसा घाबरलोही नाही. डोळे परत येतात, हे रोज बघत होतो ना! दोन दिवसांनी टाकी पुसता पुसता सहज विचारलं, “मॅडम, माणसाला किती आठवडे लागतात?”

“कशाला?”

“डोळा परत यायला. माझा उजवा अर्धा गेलाय.”

त्यांच्या हातातली जाळी पाण्यात पडली. “वेडा आहेस का रे? मासा थांबू शकतो, तू नाही! त्या पेशी आपल्यातही आहेत, पण त्या नवं काही घडवत नाहीत, नुसता व्रण धरतात. ऊठ!”

सांताक्रूझच्या डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी रिक्षावाल्याला इतकं पिडलं की तो म्हणाला, “मॅडम, आता उडवू का?”

“उडव.”

डॉक्टर म्हणाले, पडदा सुटलाय, मधला भाग तेवढा धरून आहे, आजच ऑपरेशन. सोबत नातेवाईक कोण? “मोठी बहीण,” मॅडम म्हणाल्या, “पुढे बोला.” आईला फोनही त्यांनीच लावला. “आई, मुलगा ठीक आहे तुमचा. फक्त मूर्ख आहे.”

पुढे त्या बंगळूरला गेल्या, तेच काम घेऊन, माशांना जमतं ते माणसाच्या डोळ्याला जमवायचं. आज मला सुईत दोरा ओवता येतो. खालचा एक कोपरा तेवढा काळा राहिला. अधूनमधून त्यांचा फोन येतो.

“कोपरा?”

“तसाच आहे, मॅडम.”

“हं. आम्हालाही अजून जमलेलं नाही रे.”

त्या फोन ठेवायला विसरतात, आणि मागे टाक्यांचा पंप चालू असलेला मला ऐकू येत राहतो.