मामांचा हिरवा दिवा

एवढ्याशा दिव्यावरून माणसाची खुशाली सांगणारा गृहस्थ अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमच्या सौभाग्यवतींचा मामा निघाला. वडवणीच्या बाजारात मामांचं भांड्यांचं दुकान, घर दोन गल्ल्या मागे. गेल्या वर्षी मामी न्हाणीत घसरून पडल्या आणि तासभर कुणाला पत्ता नव्हता. आठवड्याच्या आत मामांनी बिनतारी घंटा आणली. बटन मामींच्या गळ्यात, डबी दुकानात गल्ल्याच्या वर. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे मामींनी बटन दाबलं, सोबत भोंगाही वाजणार. पिवळा लुकलुकला तर बटन दूर गेलंय, डबी त्याला शोधते आहे. एवढंच, पण मामांनी ते माहितीपत्रक पोथीसारखं पाठ केलं आणि गावालाही करायला लावलं. तांब्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तिन्ही दिव्यांचा अर्थ ऐकल्याशिवाय पायरी उतरत नसे. "फोन का नाही करत?" असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "जावईबापू, पडली तरी ती फोनवर बरी हाय म्हणती. दिवा खोटं बोलत न्हाई."

गेल्या खंडेनवमीला मी दुकानातच होतो. कपाळावर भस्माचे पट्टे ओढून मामा उत्साहाने नुसते फुलले होते. तराजू, हातोडी, कात्री, सगळ्यांना हळद-कुंकू झालं. डबीला तर झेंडूची माळ आणि अगदी कपाळ शोधून ठसठशीत बोट. मग पेढे वाटता वाटता सवयीनं वर पाहिलं आणि मामा ओरडले, "लाल!" पेढ्यांचं ताट माझ्या हातात, मामा अनवाणी रस्त्यावर. भोंगा वाजला नव्हता हे माझ्या ध्यानात आलं, पण ऐकायला मामा होते कुठे? ताट घेऊन मीही मागे पळालो. मामी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मामा दारातच बसले. "दिवा लाल झालाय," ते म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मामी म्हणाल्या, "म्या तर बटनाला हातबी लावला न्हाई. कुंकू कुठं लावलं तुमी?" दुकानात येऊन मी अंगठ्यानं डबीचं कपाळ पुसलं, तर खाली दिवा हिरवागार. सगळा बाजार आठवडाभर हसला. त्यात सगळ्यात मोठ्यानं मामा हसले.

परवा वडवणीला उतरलो. मामी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेल्यात, दोन महिने तरी तिकडेच. गळ्यातलं बटन त्या काढायला विसरल्या की मुद्दाम काढलं नाही, कोण जाणे. दुकानात डबी पिवळी लुकलुकत होती आणि मामा प्रथमच गिऱ्हाइकाला काही समजावून सांगत नव्हते. मला ते बघवेना. "मामा, बंद करा ती. सेल उगाच संपतील."

"कावून बंद करायची?" मामा म्हणाले. "शोधायलीय, तर शोधू द्या." आणि त्यांनी गल्ल्यातून नवे सेल काढले.