कुपाटीवरून दिसलेलं गाठोडं

एक प्रकरण असं आहे की निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की मला आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते. तेव्हा मी अकोला जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात ठाणेदार होतो. वऱ्हाडातली ती वर्षं वाईट होती. काही पंचनामे असे करावे लागत की घरी येऊन घास गिळवत नसे. अशा दिवसांत एका भाजीवाल्या शेतकऱ्याची फिर्याद आली की मंगळवारी भरदुपारी विहिरीवरची मोटर चोरीला गेली. खून-दरोड्यांच्या मानाने हे किरकोळच, पण मे महिन्यात मोटर गेली की चार दिवसांत मेथी, वांगी सगळं जळतं, म्हणून बुधवारी मी स्वतः गावात गेलो.

जबाब घ्यायला बसलो तर साक्षीदारांची रांग लागली. एरवी गावात मारामारी झाली तरी सगळे नेमके तेव्हा झोपलेले असतात. इथे नऊ जणांनी बघितलं होतं, आणि नऊही जणांनी एकच सांगितलं: गावोगाव फिरून गाद्या भरणारा पिंजारी गोधडीत मोटर गुंडाळून शेतांमधल्या पांदणीच्या वाटेने गेला. फिर्यादीचा धाकटा भाऊ तर शपथ घ्यायला तयार होता. इतकं एकमत आमच्या ठाण्यात डब्यातल्या भाजीवरही होत नसे. तिथेच मला शंका यायला हवी होती, पण तयार केस कोणाला नको असते?

गुरुवारी सकाळी पिंजाऱ्याला आणला. शेजारच्या गावचा, पन्नाशीचा, खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली, पिंजण. मी पहिलाच प्रश्न टाकला, "मोटर कुठे ठेवलीस?" तो म्हणाला, "साब, मैंने नहीं ली." मी तोच प्रश्न दहा प्रकारे फिरवला आणि दहा वेळा तेच उत्तर मिळालं. गडी पक्का आहे, असा निष्कर्ष मी काढला. संध्याकाळी अटक दाखवायची ठरली. त्याने हात जोडून एवढंच म्हटलं की त्याचा धंदा लोकांच्या अंगणात बसून चालतो. एकदा चोर म्हणून नाव लागलं की कोणतं घर त्याला आत घेणार?

केस आणखी पक्की करावी म्हणून दुपारी मी मळ्यातल्या घरी गेलो. फिर्यादीची सात वर्षांची मुलगी मंगळवारी गच्चीवर कुरड्या राखत बसली होती. लहान मुलाला ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून तिच्या आईला शेजारी बसवून मी विचारायला लागलो.

"गादीवाला दिसला ना तुला?"

"हो."

"त्याच्या डोक्यावर गोधडी होती ना?"

"हो."

शिपाई भराभर लिहीत होता. माझ्या ठाण्यातले जुने हवालदार मात्र दारात उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत होते. ते म्हणाले, "साहेब, मी एक इचारू?" आणि पोरीकडे वळले. "बाई, मीबी होतो ना त्याच्यासंग?"

"हो," पोरगी म्हणाली.

शिपायाचं पेन थांबलं. मी त्याला ते पान फाडायला सांगितलं.

ती बिचारी खोटं बोलत नव्हती. शाळेत गुरुजींनी दरडावून "समजलं ना?" म्हटलं की "हो" म्हणायचं, हे तिला पाठ होतं, आणि मी तर गुरुजींपेक्षाही मोठ्या आवाजाचा. मी टोपी काढली, जमिनीवर मांडी घातली, तिच्या बापाला पाणी आणायला पिटाळलं आणि म्हटलं, "कुरड्या घातल्या त्या दिवशी काय काय झालं, ते पहिल्यापासून सांग." मग गप्प बसलो. पोलिसाला हे सगळ्यात जड जातं.

तिने पाऊण तास सांगितलं. शेळी दोनदा आली. कोंबडीला तिने खराटा मारला. ओल्या कुरडीचा चीक तिने खाल्ला, पण थोडासाच. मोटर घूं घूं करून बंद पडली, धूर निघाला, झाडाखाली झोपलेला काका दचकून उठला. त्याने मोटर काढली, आजीच्या गोधडीत बांधली आणि डोक्यावर घेऊन गेला.

मी विचारलं, "हे आधी कोणाला का नाही सांगितलं?"

"काकानं म्हटलं, बाबाले सांगू नोको. तुमी थोडी माहे बाबा हा?"

आईने पदर तोंडाला लावला.

पोरीच्या शब्दावरही मी आंधळा विश्वास ठेवला नाही. साक्षीदारांनी जिथून पाहिलं होतं त्या पारावर जाऊन बसलो आणि शिपायाला पांदणीने चालायला लावलं. काट्यांच्या कुंपणावरून, त्या कुपाटीवरून, त्याची टोपी तेवढी सरकत गेली. म्हणजे नऊ जणांनी पाहिली ती फक्त गोधडी. खालचा माणूस चहा पिता पिता सगळ्यांनी मिळून लावला होता, आणि पिंजाऱ्याचं नाव पहिल्यांदा काढणारा होता हाच काका, शपथ घ्यायला निघालेला फिर्यादीचा धाकटा भाऊ. त्याला समोर बसवल्यावर मूर्तिजापूरच्या, जळालेल्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात मोटर सापडली, गोधडीसकट. विहिरीचं पाणी खाली गेलेलं असताना काकाने ती कोरडीच चालू ठेवली होती. दोन दिवसांत गुपचूप दुरुस्त करून बसवू असा बेत होता, पण लोडशेडिंगमुळे दुकानाचंच काम अडलं आणि तोवर भाऊ ठाण्यात पोचला. मी काकाला झाडला. त्याच्या वहिनीने नंतर त्याहून जास्त झाडला असं ऐकलं.

ठाण्यात परत येऊन पिंजाऱ्याला सोडलं, चहा दिला आणि सहज विचारलं, "मंगळवारी दुपारी तू होतास कुठे?"

तो कप खाली ठेवून म्हणाला, "आप के क्वार्टर पे, साब. बाईसाहेबांनी दोन गाद्या भरून घेतल्या."

दोन रात्री मी त्याच नव्या गादीवर घोरत होतो.

"मग सकाळीच का नाही बोललास?"

"तुमी कुठं इचारलं? तुमी इचारलं, मोटर कुठं ठेवली. आणि घरच्या बाईचं नाव चौकीत कसं घेणार, साब?"

आपली अब्रू जात असताना या माणसाने माझ्या घरची सांभाळली होती. मी त्याची माफी मागितली, स्टाफच्या देखत. पोरीने "हो" म्हणून मला फसवलं नाही आणि गावानेही नाही. उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारणारा त्या प्रकरणात पहिला माणूस मी होतो. पुढे नोकरी संपेपर्यंत कोणालाही समोर बसवलं की मी आधी एवढंच विचारत असे, "तुम्ही त्या दिवशी कुठे होता?"