वाकड्या चिठ्ठ्या

नमस्कार मंडळी. इथले गूढ अनुभव मी चहाबरोबर चवीने वाचते, पण विश्वास एकावरही ठेवलेला नाही. तुम्ही माझ्यावर ठेवू नका, म्हणजे फिट्टंफाट होईल.

मी धारवाडला मळमड्डीत राहते, आई-अप्पांसोबत... म्हणजे आता फक्त आईसोबत. कंपन्यांच्या टीमसाठी ऑनलाइन व्हाइटबोर्डवर वर्कशॉप घेणं हे माझं काम. सगळे आपापल्या जागेवरून एकाच बोर्डावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात, मग त्यावर चर्चा होते.

अप्पा गोकुळ रोडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाल्यावर माझ्या मागे उभं राहून बघायचे. "काय ग हे, कोंबड्यांनी उकरल्यासारखं करून ठेवलंय. एक ओळ सरळ नाही." शेवटी वैतागून मी त्यांना जुन्या टॅबवर लिंक देऊ लागले. त्यांचा कर्सर 'पाहुणा' या नावाने यायचा, लोकांच्या चिठ्ठ्या ओळीत लावायचा आणि काम झालं की खाली उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबायचा. ड्रॉइंगवर सही तिथेच करतात म्हणे. तोवर आईची हाक यायची, "अहो, साकु की आता. पान वाढलंय." आमच्या घरात 'पुरे' कुणी म्हणत नाही, साकुच. मग ते मुकाट्याने उठायचे.

फेब्रुवारीत अप्पा गेले. आई रडली नाही. रोज दुपारी त्यांचं पान वाढायची, समोर बसायची आणि स्वतः दोन घास खाऊन उठायची. अंगावरचं ब्लाउज सैल व्हायला लागलं तिचं. मी रागावले, विनवलं, काही उपयोग झाला नाही. आता हीपण जाते की काय, अशी भीती वाटायची मला.

एप्रिलमधली भर दुपार. नव्या टीमसाठी नवा बोर्ड, लिंक त्याच सकाळी तयार केलेली. सगळे गप्प बसून चिठ्ठ्या लिहीत होते... आणि बोर्डावर 'पाहुणा' आला. चिठ्ठ्या एकेक करून ओळीत लागायला लागल्या. कुणीतरी विचारलं, "मॅम, तुम्ही अलाइन करताय का?" माझे दोन्ही हात मांडीवर होते. टॅब कपाटात होता – अप्पा गेल्यापासून चार्जही केलेला नव्हता.

अप्पांचं पान टेबलावर ठेवून आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "अहो, साकु की आता. पान वाढलंय."

कर्सर थांबला. सावकाश खाली उजव्या कोपऱ्यात गेला आणि थोड्या वेळाने दिसेनासा झाला.

आई अप्पांच्या खुर्चीवर जाऊन बसली. त्यांच्यासाठी वाढलेलं पान तिने रडत रडत सगळं संपवलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे दोनच पानं वाढली जातात.

टीममधल्या सगळ्यांना मी विचारलं. लिंक कुणीच पुढे पाठवली नव्हती. तुमच्यापैकी कॉम्प्युटरवाले काहीतरी कारण सांगतील, जरूर सांगा. मला अजून सापडलेलं नाही.

आता प्रत्येक बोर्डावर मी दोन चिठ्ठ्या मुद्दाम वाकड्या ठेवते. त्या वाकड्याच राहतात.