एक गोळी जास्त

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर मीही तेच म्हणते. बंदुका दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. पण आमच्या घरात आवाज व्हायचा तो बंदुकीचा नाही, धुसफुशीचा. आणि त्या धुसफुशीचं कारण एकच, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा.

दुकान मूळचं माझ्या वडिलांचं. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल, टेबलाला घट्ट बसवलेली लोखंडी पकड, भिंतीवर लहानापासून मोठीपर्यंत टांगलेल्या कानशी, आणि धुतलेल्या कपड्यांतूनही न जाणारा तेलाचा वास. मिस्त्री तिथे कामाला आले. वडिलांनी काम शिकवलं, वर मुलगीही दिली. पुढे धाकटीचा नवरा आला, त्याला मात्र मिस्त्रींनी शिकवलं. अगदी हाताला हात धरून शिकवलं. मग एके दिवशी वडिलांनी दोघांनी घासलेले बंदुकीचे दोन चाप शेजारी शेजारी ठेवले, बोटाने चाचपून पाहिले आणि म्हणाले, "धाकट्याचा हात हलका आहे हो." एवढंच. वडील बोलले आणि जेवायला गेले. मिस्त्रींच्या घशाखाली मात्र ते वाक्य आजपर्यंत उतरलेलं नाही.

वडील गेल्यावर धाकटा आपणहून दुकानातून बाहेर पडला आणि सिनेमावाल्यांना नकली हत्यारं करून देऊ लागला. "खेळणी बनवतो," मिस्त्री सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

आता मी काही फार सोवळी आहे असं नाही. धाकटीच्या स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे, माझ्या स्वयंपाकघरातून दिसते ती शेजारच्यांची पाण्याची टाकी. धाकटीने नटाशेजारी उभं राहून काढलेला फोटो मला पाठवला तेव्हा मी "छान आलाय" असं लिहिलं आणि भांडी इतक्या जोरात घासली की एका पातेल्याचा कान निखळला. जळले मी. का खोटं बोला?

मिस्त्रींचा खरा मान क्लबात. गावाबाहेर मातीचा उंच बांध घातलेलं नेमबाजीचं मैदान आहे, तिथला हा क्लब. सभासदांत दाढांचे डॉक्टर आहेत, फर्निचरचं दुकान असलेले अध्यक्ष आहेत, एक निवृत्त भूमापन अधिकारी आहेत, ज्यांना सगळे मोजणीदार म्हणतात. बंदुकांचं वेड म्हणजे यांचं. घरच्यांचे वाढदिवस विसरतील, पण कोणत्या पिस्तुलाची स्प्रिंग कोणत्या साली बदलली ते झोपेत सांगतील. तरी प्रत्येक बंदूक मैदानात जाण्याआधी मिस्त्रींच्या हाताखालून जाते. मिस्त्री "चालवा" म्हणाले की चालवायची, "थांबा" म्हणाले की अध्यक्षांनीसुद्धा थांबायचं. फुटक्या नळीने माणसाचा डोळा जातो, म्हणून तिथे मिस्त्रींचा शब्द म्हणजे शब्द. घरात मी ऐकत नाही ते सगळं तिथे ऐकलं जातं, म्हणून ते रविवारी इतके खुशीत निघतात.

या क्लबाची एक खोड आहे. मारामारीचा सिनेमा लागला की सगळे मिळून जातात, एक अख्खी रांग अडवून बसतात, आणि बंदुकीची चूक दिसली की खुर्चीच्या दांड्यावर बोटाच्या पेराने टक् करतात. ज्याची टक् खोटी ठरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. चूक ठरवायचा नियमही पक्का आहे. पडद्यावर दिसलं तेच धरायचं, न दिसलेलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण यांच्यावरूनच पडली असावी.

तर धाकट्याने हत्यारं केलेला तो सिनेमा आला. चित्रांच्या पुस्तकावरून काढलेला. सगळा पडदा राखाडी, फक्त रक्त तेवढं लाल, तेही शाईच्या थेंबासारखं उडणारं. नायक लांब काळा कोट घालून पावसात उभा, आणि माणसं अशी मरत होती की मरतानाही केस विस्कटू नयेत. मध्येच पडद्याचे पुस्तकाच्या पानासारखे चौकोन व्हायचे. मला पहिल्यांदा किळस आली, मग नको तितकी मजा वाटायला लागली.

आमच्या रांगेत नुसती टकटक चालली होती. "एवढ्याशा गोळीने माणूस भिंतीतून पलीकडे जातो का?" टक्. "कोटाच्या आत एवढी मोठी बंदूक? चालताना गुडघ्याला लागेल!" टक्. मागचा एक माणूस ओरडला, "अहो, सुतारकाम बाहेर करा की!" दाढांचे डॉक्टर हसता हसता खुर्चीवरून घसरले.

मिस्त्री मात्र गप्प. त्यांनी मला येतानाच सांगून ठेवलं होतं, "आज बघच. त्याची एकेक चूक काढतो." आणि आता त्यांचा हात दांड्यावर तयारीत होता, पण पेर काही आपटत नव्हतं. मी पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होते.

मधे एक शांत प्रसंग होता. नायक शेवटच्या मारामारीला निघालाय, खोलीत अंधार, आणि दिसते ती फक्त भिंतीवरची त्याच्या हातांची सावली. त्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून सोडला, म्हणजे एक गोळी नळीत गेली. मग मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, बाहेर काढलं, अंगठ्याने त्यात आणखी एक गोळी दाबली आणि ते परत बसवलं. आमची रांग तेव्हा आधीच्या रक्तावरून खिदळत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. पण मिस्त्रींचा अंगठा गुडघ्यावर हलला. गोळी दाबावी तसा, नेमका त्या सावलीबरोबर. दुकानात बंदूक तपासताना ते हेच करतात. "नळीत एक आणि पोटात पूर्ण," असं म्हणत करतात. धाकट्याला हे कुणी शिकवलं ते मला सांगायला नको होतं.

शेवटच्या मारामारीत मोजणीदारांनी एकेक गोळी मोजली आणि मग अशी टक् केली की पुढच्या रांगेतली बाई दचकली. "एक जास्त! मॅगझिनमध्ये मावतात त्याहून एक गोळी जास्त झाडली!" डॉक्टर म्हणाले, "नळीतली धरलीत का?" मोजणीदार म्हणाले, "भरलेली दाखवली कुठे? न दिसलेलं धरायचं नाही." सगळ्या रांगेने टक् केली. मिस्त्री सोडून.

शेवटी नावं सरकायला लागली. हत्यारं, आणि त्याच्यापुढे धाकट्याचं नाव, ओळीत एकटंच. मी वाचलं, मिस्त्रींनी वाचलं, आणि दोघांनीही न वाचल्यासारखं केलं.

घरी परतताना मी विचारलं, "मग? किती चुका निघाल्या?"

"निघाल्या असतील," ते म्हणाले.

"तुम्हाला किती दिसल्या?"

ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "एकही नाही." वाईट काम केलं तर माणूस माणसाला क्षमा करतो, पण चांगलं केलं तर कशी करणार? त्या दिवशी मिस्त्री न जेवता झोपले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण अध्यक्षांना हुक्की आली. "मिस्त्रींचे साडू म्हणजे आपल्या घरचेच. त्यांना बोलावू, चहा पाजू आणि समोरासमोर त्यांची सालटी काढू!" धाकटा क्लबात आला. सोबत माझी बहीणही आली, अंगावर असा फिकट निळा रंग की माझी ठेवणीतली साडी फडक्यासारखी दिसायला लागली. धाकटा वाकून मिस्त्रींच्या पाया पडला, मला म्हणाला, "ताई, वाळलात." मी म्हटलं, "तुम्ही मात्र भरलात." तो मनापासून हसला. त्याचं हसणंसुद्धा मला लागलं.

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. भिंतीतून पलीकडे जाणारा माणूस कसा काय? तो म्हणाला, "पुस्तकात तसंच चित्र आहे, काका. चित्रकाराला भौतिकशास्त्र नव्हतं." कोटातली बंदूक? "तिच्यासाठी कोट आतून कापला, शिंप्याने मला शिव्या घातल्या." लोक हसत होते, त्याच्याकडे सरकून बसत होते. इतकी वर्षं जे मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होते ते आता पाठ करून बसले होते. मिस्त्री एका कडेला उभे, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला बसल्या जागेवरून दिसत होत्या.

मोजणीदार उठले. "बाकी सोडा. शेवटच्या मारामारीत एक गोळी जास्त झाडली. मान्य?"

धाकटा म्हणाला, "नाही काका, तिथे..." आणि थांबला. मिस्त्रींकडे वळला. "दादा सांगतील. दादांच्या नजरेतून ते सुटायचं नाही."

सगळी खोली मिस्त्रींकडे वळली. तो आयता भरवलेला घास होता. सावलीबद्दल एक वाक्य बोलायचं होतं. शिकवणारे आपण, शिकलेला आपला, म्हणजे मान दोघांचाही. मी मनात म्हणत होते, बोला, बोला.

मिस्त्री म्हणाले, "चूक आहे. एक गोळी जास्त आहे."

धाकटा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला समजलं. कसं समजणार नाही? ती सावली त्याने ज्या हातांवरून काढली होती ते हात समोर उभे होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी मेले लाजेने. मग तो म्हणाला, "दादा म्हणतात म्हणजे असेल. राहिली माझ्याकडून. गुरू तो गुरूच."

टाळ्यांचा कडकडाट. अध्यक्षांनी मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. "बघा! सिनेमावाल्याचे दात घशात घातले!" धाकटाही टाळ्या वाजवत होता. माझी बहीण मात्र वाजवत नव्हती. ती तिच्या नवऱ्याकडे बघत होती, आणि ज्या नजरेने बघत होती ती नजर माझ्या काळजात रुतली.

घरी आल्यावर मिस्त्री हात धूत राहिले. साबण लावायचा, धुवायचा, पुन्हा लावायचा. मी दारात उभी राहिले आणि बोलून गेले.

"खिडकीचा हेवा केला मी तिच्या, साडीचा केला, फोटोचा केला. पण आज पहिल्यांदा मला तिचा खरा हेवा वाटला. तिच्या नवऱ्याचा."

असं बायकोने बोलू नये. बोलले. नळ चालू राहिला.

हातांवरचा फेस बघत ते म्हणाले, "तो तिथेच मला खोटा पाडू शकला असता."

"हो."

"मी त्याच्या जागी असतो तर पाडलं असतं."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी नळ बंद केला. "उद्या कुणाची बंदूक मी चांगली म्हणालो आणि नसली तर? एकदा खोटं बोललेल्या तोंडावर कुणी का विश्वास ठेवावा?" हे ते मला विचारत नव्हते. मी टॉवेल पुढे केला.

पुढच्या रविवारी मीही क्लबात गेले. ते सगळ्यांसमोर उभे राहिले. कागद नाही, प्रस्तावना नाही. "मागच्या वेळी मी खोटं बोललो. गोळी जास्त नव्हती. भिंतीवरच्या सावलीत त्याने ती भरलेली दाखवलीय. मी पाहिली होती. मला त्याचं बरं बघवलं नाही, म्हणून मी चूक म्हणालो."

मला वाटलं, गेला यांचा मान. गेला तर जाऊ दे, पण मी आज यांच्या शेजारी ताठ मानेने बसून घरी जाईन.

मग अध्यक्ष उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. "पाहिलंत? साडू सगळ्यांसमोर खोटा पडला म्हणून याला झोप लागली नाही. त्याला सावरायला स्वतःवर ओढून घेतोय! याला म्हणतात मोठं मन!"

"अहो, नाही," मिस्त्री म्हणाले. "खरंच सावली होती. मोजणीदार, तुम्ही पुन्हा जाऊन बघा."

"कशाला बघायचं?" मोजणीदार गहिवरून म्हणाले. "तुम्ही एकदा चूक म्हणालात, ती चूकच. आता घरच्या माणसासाठी कितीही पांघरूण घाला." डॉक्टर टाळ्या वाजवायला लागले आणि मग सगळेच. मागच्या वेळेपेक्षा जास्त. कुणीतरी शिट्टीसुद्धा वाजवली.

मिस्त्री हात वर करून थांबवत होते, "थांबा, ऐका तरी." त्यांचा "थांबा" त्या क्लबात पहिल्यांदाच कुणी ऐकला नाही. शेवटी ते माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. मी त्यांचा हात हातात घेतला. टाळ्या चालूच होत्या.

"याही टाळ्या त्याच्याच आहेत गं," ते म्हणाले.