पुठ्ठ्यातली खिडकी

माझा मामा पुठ्ठ्याच्या इमारती करतो. नवी इमारत उठायच्या आधी नगररचना कार्यालयात तिचं लहानसं मॉडेल मांडतात, ते बहुतेक त्याच्याच हातचं असतं. पूर्वी तो घरांचे नकाशेही काढायचा, तो परवाना अजून आहे. स्वभाव तिरसट. कार्यालयाने छापलेली चांगल्या इमारतींची पुस्तिका त्याला तोंडपाठ. दरवाजा रस्त्यावरून दिसावा, तळमजल्याला कोरी भिंत नसावी, म्हाताऱ्यांना टेकायला जागा असावी, शेजाऱ्याचा उजेड अडू नये. जेवताना हेच चालू. आई म्हणायची, "आधी वाढून घे, उजेडाचं मग बघू."

आई रफू करते. फाटलेल्या कोटाचा धागा धाग्यात असा मिसळते, की फाटलं कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. हे काम दिव्याखाली होत नाही. बल्बच्या उजेडात काळा आणि गडद निळा एकच दिसतो. म्हणून बाबा गेल्यावर मामाने घरामागे तिच्यासाठी एक खोली वाढवली, मोठी खिडकी ठेवली. नकाशाही त्यानेच काढला आणि एका हेलपाट्यात मंजूर करून आणला. त्या खिडकीवर आम्ही बारा वर्षं जगलो.

मॉडेलवाल्यांची एक रीत आहे. नवी इमारत रंगवायची, तिच्या गच्चीवर चिमुकली माणसं उभी करायची, आणि आजूबाजूची घरं मात्र पांढरे ठोकळे ठेवायची. दार नाही, खिडकी नाही. ज्यांचा उजेड जाणार ती माणसं टेबलावर नसतातच. मामानेही तीस वर्षं असे ठोकळे मुकाट्याने चिकटवले. याचा मला राग आहे, आणि तो मी त्याला बोलूनही दाखवला आहे.

यंदा आठ मजल्यांचं काम आलं. त्याने नकाशा पसरला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. एक ठोकळा आमचा होता.

मग त्या माणसाला झोप राहिली नाही. आमचं घर त्याने कौलांसकट केलं, मागच्या खोलीला खिडकी कापली, आत नखाएवढं टेबल ठेवलं. दिवा हातात धरून सूर्यासारखा फिरवत राहिला. साडेदहाला सावली खिडकीवर चढायची ती पुन्हा उतरायचीच नाही. इमारत चार हात मागे सरकवून बघितली, वरचे दोन मजले उचलून बघितले. "दोन मजले काढले तर तुला दुपारी तीनपर्यंत उजेड मिळतोय, ताई," तो आईला म्हणाला. आवाज रडवेला झाला होता. आई म्हणाली, "तीन पुरे की रे. तीनला माझे डोळेच दमतात."

नगररचना कार्यालयात त्या इमारतीची सुनावणी होती, तिला आम्ही तिघं गेलो. बिल्डरचा माणूस मॉडेल बघून भडकला. "शेजारच्या घराला खिडक्या लावायला कुणी सांगितलं?"

"घराला खिडक्या असतात," मामा म्हणाला.

अधिकारी बाई भल्या होत्या. त्या चक्क वाकल्या, डोळा पुठ्ठ्याला लावून त्यांनी त्या खिडकीतून बाहेर बघितलं. मामाने दिवा फिरवला. त्या म्हणाल्या, "हे बरोबर नाही. वरचे मजले कमी करायला सांगावं लागेल." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी आमच्या घराची जुनी फाईल मागवली आणि वाचता वाचता थांबल्या.

"नोंदीत ही सामान ठेवायची खोली आहे. उजेडाचा नियम माणसं वावरतात त्या खोलीला लागतो, सामानाला नाही."

मामा पांढराफटक पडला. मला तेव्हा कळलं. राहती खोली दाखवली असती तर कुंपणापासून जास्त जागा सोडावी लागली असती, आणि तेवढी जागा आमच्याकडे नव्हती. म्हणून त्याने तिथे ‘सामान’ लिहिलं होतं, खाली स्वतःची सही केली होती. असे नकाशे त्याने इतके काढले होते, की हा त्यातलाच एक हे तो विसरून गेला होता.

"ते मी खोटं..." त्याने तोंड उघडलं. आईने त्याचा हात दाबला.

"नीट विचार करून बोला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तिथं रोज कुणी काम करत असेल, तर मला तसं लिहावं लागेल. मग नकाशा खोटा ठरतो. खोली पाडावी लागेल, आणि काढणाऱ्याचा परवाना जाईल." मग त्या आईकडे वळल्या. "तुम्हीच सांगा ताई. त्या खोलीत काय असतं?"

मामा मान हलवत होता, सांग, खरं सांग. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. आईने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"सामान असतं," ती म्हणाली.

"खिडकीशी बसून काही काम वगैरे?"

"छे हो," आई म्हणाली, आणि सुयांनी चाळण झालेली बोटं पदराखाली घेतली. "मला कुठलं काम येतंय!"