उशिराचं कारण

वकीलसाहेबांच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक वयस्क कारकून बसत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. प्रत्येक कागद ते दोनदा वाचत आणि हळूच कानडीत "सरी", म्हणजे ठीक, म्हणून बाजूला ठेवत.

आनेकलच्या एका अक्कांच्या जमिनीच्या दाव्यात कोर्टानं त्यांचा साक्षीदार तपासायला नकार दिला. त्याविरुद्ध अपिलाची परवानगी मागायला आमच्याकडून चार दिवस उशीर झाला, आणि अर्जात उशिराचं कारण द्यायचं होतं.

"अक्का आजारी होत्या असं लिहा," साहेब म्हणाले.

अण्णांनी टायपिंग थांबवलं. "त्या रोज ऑफिसात येत होत्या, सर. फाइल माझ्या कपाटात राहिली. तसं प्रतिज्ञापत्र मीच करतो."

परवानगी मिळाली. त्यानंतर साहेबांनी अण्णांना नवी फाइल दिली नाही; ती कामं माझ्याकडे आली. उशिराचं कारण म्हणून पक्षकाराचं खोटं आजारपण लिहिलेले अर्ज मी अजूनही टाइप करतो.