वर ठेवलेले नाणे

गल्लीत त्यांना सगळे ‘बर्फवाल्या बाई’ म्हणत. कुत्र्यांसाठी कच्च्या मांसाची पाकिटे करू लागण्याआधी बाईंनी एकवीस वर्षे एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काचसामान धुतले होते. जंतू दिसत नाहीत म्हणून ते नाहीतच, असे मानणाऱ्यांची फजिती त्यांनी जवळून पाहिली होती. सकाळी आलेले मांस म्हणूनच दुपारच्या आत कापून, भरून, तारीख घालून फ्रीझरमध्ये जाई.

“ताई, कुत्र्यांचं जेवण करतेस की जावयांचं?” हाताखालची धाकटी बहीण चिडवी.

“जावई निदान नावं तरी ठेवतो. मुकं जनावर, घालशील ते खातं.”

फ्रीझरमध्ये पाण्याची एक वाटी असे. पाणी गोठले की बाई त्यावर नाणे ठेवीत. फ्रीझर बंद पडून बर्फ वितळला, तर नाणे तळाशी जाई आणि पाणी पुन्हा गोठले तरी तिथेच अडकून चुगली करी. ही खूण दोघी बहिणींनाच ठाऊक होती. आजारी आत्याकडे चार दिवस जाताना बाईंनी किल्ली निर्धास्तपणे धाकटीच्या हाती दिली.

त्या परतल्या आणि दोनच दिवसांनी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला सकाळपासून रक्ताचे जुलाब होत होते.

“माझ्याकडचं कारण नसणार, गुरुजी,” बाई छातीठोकपणे म्हणाल्या.

मग केवळ मनाच्या समाधानासाठी त्यांनी फ्रीझर उघडला. नाणे वर होते. जीव भांड्यात पडला. सहज एक पाकीट उचलले, तर त्याच्या खालच्या कोपऱ्यात गोठलेल्या रक्ताचा लाल खडा. दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही. मांस वितळले होते, रक्त खाली उतरले होते आणि सगळे पुन्हा गोठले होते. नाणे तेवढे वर होते.

“साफसफाई करताना प्लग निघाला गं,” बाईंनी पाकीट पुढे धरल्यावर धाकटी अखेर म्हणाली. “दुसऱ्या दिवशी बघते तर सगळं पाणी पाणी. तू जन्मभर ऐकवलं असतंस.”

“ऐकवलं असतं. खाल्लं नसतं तुला.”

“पण परत गोठलं ना? मेले असतील की जंतू.”

“गोठून ते मरत नाहीत, झोपतात. किती वेळा सांगितलं तुला?”

“चूक झाली, ताई. चोरी तर नाही केली!”

प्लग निघणे ही चूक. ती कुणाच्याही हातून होते. पण नाणे वर ठेवायचे तर आधी वाटीतले पाणी गोठावे लागते. त्याला काही तास लागतात. तेवढे सगळे तास धाकटी थांबली होती, आणि त्या तासांत तिने बाईंना एकदाही फोन केला नव्हता.

संध्याकाळपर्यंत बाईंनी पाकिटे घेणाऱ्या बाराही घरी कळवले. गुरुजींना सर्वांत आधी.

“माझंच मांस होतं, गुरुजी. मघाशी मी खोटी शपथ घेतल्यासारखं बोलले. डॉक्टरांना सांगा, वितळून पुन्हा गोठवलेलं होतं. उरलेलं टाका, भांडी साबणानं धुवा, नातवाला तिच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका.”

“सलाइन लावलंय तिला,” गुरुजी म्हणाले. “बरी झालीच, तर काय घालू? डोळे मिटून विश्वास ठेवावा असं तुमचं एकच घर होतं.”

कच्चेच घाला, म्हणून बाईंनी आठ वर्षे गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली होती.

“शिजवून घाला,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडचं असलं, तरी शिजवूनच.”